‘एकुलतं एक आहे ना’ याच्या पुढचं बोलू या: बालरोगतज्ज्ञांना खुले पत्र

सर्व बालरोगतज्ज्ञ, तसेच मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी करणारे निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांना,

सप्रेम नमस्कार.

बाहेर बसलेल्या गर्दीत आम्ही तुम्हाला लांबूनच ओळखू येत असणार. मूल एवढंसं आणि फाइल जाडजूड. सोबत दोन, कधी तीन मोठी माणसं. मोबाइलमध्ये तासातासाच्या तापाच्या नोंदी, शिवाय प्रश्नांची यादी. तुम्ही घसा बघता, छाती तपासता आणि मध्येच सहज विचारता, ‘हे एकच का?’ आम्ही हो म्हणतो. तुम्ही जरासं हसता. त्या हसण्यात वाईट काहीच नसतं. पण त्यानंतर आम्ही जे सांगतो, ते तुम्ही थोडं कमी करून ऐकता. हे पत्र त्या ‘थोडं कमी करून’ ऐकण्याबद्दल आहे.

मी एका मुलीचा बाप आहे, आणि आम्हाला ती एकच आहे.

तुमचं निम्मं बरोबर आहे, हे आधीच मान्य करतो. एकुलत्या मुलाचे आईबाप आजारपणात थोडे जास्तच करतात. गाढ झोपलेल्या मुलाला उठवून तापाचं औषध पाजतात. दोन दिवसांत ताप उतरला नाही की डॉक्टर बदलतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात आणून ठेवतात आणि मूल नुसतं शिंकलं तरी तो शोधायला लागतात. थर्मामीटरवरच्या आकड्यावर त्यांचा इतका जीव टांगलेला असतो, की तो आकडा ज्या पोराच्या अंगातला आहे ते पोर समोर उड्या मारतंय, हे दिसेनासं होतं. पण तापाची ही धास्ती काही आमची एकट्यांची नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी 1980 साली पालकांना तापाबद्दल विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त पालकांना वाटत होतं की 40 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापानेही मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. श्मिट यांनी या भीतीला ‘फीव्हर फोबिया’ असं नाव दिलं. वीसेक वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तेव्हाही ही भीती जागच्या जागी होती. त्या पालकांत एक मूल असलेले होते, तसे तीन-चार मुलं असलेलेही असणार.

मग आमचं वेगळं काय? तर आमच्याकडे दुसरं मूल नाही, म्हणजे ताडून बघायला काही नाही. दुसऱ्या मुलाला पहिला ताप येतो तेव्हा त्याच्या आईच्या मनात पहिल्याचे दहा-पंधरा ताप साठलेले असतात. रात्री चढतो, सकाळी उतरतो, तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आम्ही मात्र प्रत्येक वयाला नवखेच. सहा महिन्यांच्या बाळाचे आईबाप म्हणून नवखे, पाच वर्षांच्या मुलीचे म्हणून पुन्हा नवखे आणि तेरा वर्षांची होऊन पोट दुखतंय म्हणाली की परत पहिल्यापासून सुरुवात. अनुभव जमा होतो, पण तो वापरायची वेळच येत नाही. तुम्ही आम्हाला ‘आता तुम्हाला माहीतच असेल’ म्हणता ना, तिथे जरा थांबा. आम्हाला मागच्या वर्षापर्यंतचंच माहीत असतं.

पाळणाघर किंवा बालवाडी सुरू झाली की काय होतं ते बघा. त्या वयाच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे. सर्दी गेली तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, हेही तसंच नेहमीचं. आता हे दोन्ही एकत्र करा. आठ सर्द्या, प्रत्येकीमागे तीन आठवडे, आणि त्यातल्या बऱ्याचशा थंडीच्या दिवसांत. म्हणजे ठणठणीत निरोगी मूलसुद्धा महिनोन्‌महिने खोकत असल्यासारखं दिसणार. ज्याला मोठं भावंड आहे, त्याला या जंतूंचा पहिला हप्ता घरातच मिळालेला असतो, अगदी तान्हेपणी. आमच्या पोरांना तो बालवाडीत एकदम मिळतो. म्हणून त्या वर्षी ती शेजारच्या मुलांपेक्षा जास्त आजारी दिसतात आणि आम्ही ‘हिची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असं ठरवून तुमच्यासमोर येऊन बसतो. टॉनिक मागतो, रक्ताच्या तपासण्या मागतो. जी मुलं लहानपणी पाळणाघरात असा मारा सोसतात, त्यांना शाळेच्या पहिल्या काही वर्षांत सर्दी कमी होते असं अभ्यासात दिसलं आहे. हा हिशेब मांडायला तुम्हाला दीड मिनिट लागेल. आमच्या वाट्याला आलं ते ‘होतं असं’ एवढंच.

(वाचणाऱ्या आईबापांना इंटरनेटवर याच विषयातलं दुसरं टोकही सापडतं. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी सतरा हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासून लिहिलं, की घरात जितकी जास्त भावंडं, विशेषतः मोठी, तितकी परागकणांची अ‍ॅलर्जी कमी. तिथून पुढे जंतू, स्वच्छता आणि अ‍ॅलर्जी यांवर मोठा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. पण पोरीला शिंका येत असताना रात्री दोन वाजता हे वाचणाऱ्या बापाला तो वाद दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं, की दुसरं मूल होऊ न देऊन आपणच हिचं नाक बिघडवलं. तुमच्याकडे येताना आम्ही असलंही काहीबाही घेऊन येतो.)

आता धीर देण्याबद्दल. तुम्ही मनापासून म्हणता, ‘काळजी करू नका, काही नाही.’ तुमच्याच क्षेत्रातल्या एका गोष्टीची तुम्हाला आठवण करून देतो. मुलांना सुई टोचताना आईबाप काय बोलतात आणि मूल किती घाबरतं यावर भरपूर संशोधन झालं आहे. ‘घाबरू नकोस, काही नाही होणार, झालंच बघ’ असं घोकत राहिलं की मुलाचा त्रास कमी होण्याऐवजी बहुतेकदा वाढलेला दिसतो. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवलं, त्याला फुंकर मारण्यासारखं काही करायला दिलं, तर तो कमी होतो. ‘घाबरू नकोस’ ऐकल्यावर मुलाला कळतं, की घाबरण्यासारखं काहीतरी इथे आहे. तुमच्या समोरच्या खुर्चीत आमचंही तेच होतं. ‘काळजी करू नका’ ऐकून आम्ही बाहेर येतो आणि जिन्यातच एकमेकांना विचारतो, ‘असं का म्हणाले असतील?’ आम्हालाही काहीतरी करायला द्या. काय बघायचं, किती वेळ बघायचं आणि काय दिसलं तर निघायचं, हे सांगा.

तुमच्या मनात आमच्याबद्दल जे अंदाज असतात, त्यांची किंमतही कुणीतरी मोजून ठेवली आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात बालरोगतज्ज्ञांना जेव्हा वाटलं की या पालकांना अँटिबायोटिक हवंय, तेव्हा विषाणूंमुळे झालेल्या, म्हणजे ज्यावर ते चालतच नाही अशा आजारातही त्यांनी ते 62 टक्के वेळा लिहून दिलं. तसं वाटलं नाही तेव्हा 7 टक्के वेळा. आणि पालकांना खरंच ते हवं होतं की नाही, याचा त्या लिहून देण्याशी संबंध सापडला नाही. आमच्याकडे जाड फाइल बघून, तीन मोठी माणसं बघून तुम्ही कोणता अंदाज बांधत असाल, याचा मी विचार करतो तेव्हा मला जरा हसूच येतं. आम्ही प्रश्न विचारतो ते बहुधा समजून घ्यायला. तुम्हाला ते औषधाची मागणी वाटते. मग औषध मिळतं आणि प्रश्न तसाच घरी परत येतो. सरळ विचारा ना, ‘तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते?’ उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल. कुणाला न्यूमोनिया वाटत असतो, कुणाला कॅन्सर. कुणाला मूल आजारी आहे यापेक्षा उद्या सुट्टी कशी मागायची हाच घोर असतो.

आणि काही घरांत उत्तर वेगळंच असतं. एकच मूल असण्यामागे दरवेळी आईबापांची निवड नसते. कुठे तीन गर्भपात होऊन गेलेले असतात, कुठे पाच-सहा वर्षांचे उपचार. कुठे आधीचं एक मूल गेलेलं असतं आणि त्याचं नाव घरात कुणी काढत नाही. कुठे हेच बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मून दोन महिने काचेच्या पेटीत होतं. 1964 साली मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सोलनिट यांनी अशा मुलांवर लिहिलं, जी एकदा मरणाच्या दारातून परत आली, किंवा ज्यांच्या आईबापांना तसं वाटलं. मूल पूर्ण बरं झालं तरी घर त्याला नाजूकच समजत राहतं. पुढे त्या मुलांना आईबापांपासून दूर राहणं जमत नाही, अंगावरच्या बारीकसारीक दुखण्याची चिंता लागून राहते, शाळेत ती मागे पडतात. ‘व्हल्नरेबल चाइल्ड सिंड्रोम’ हे नाव तुम्हाला मी सांगायला नको. पण हे नाव माहीत असलेल्या डॉक्टरने ‘एकच का?’ विचारल्यावर पुढचा एक प्रश्न विचारायला हवा, हळू आवाजात आणि मूल बाहेर असताना: ‘हिच्या वेळी किंवा हिच्या आधी काही कठीण गेलं होतं का?’ आणि आजार संपला असेल तर तो संपला, असं स्पष्ट म्हणायला हवं. ‘तरी जपा हं तिला’ हे निरोपाचं वाक्य तुम्ही सवयीने म्हणता. त्या चार शब्दांवर एखाद्या घरात पोहणं, सायकल आणि सहल वर्षभर बंद होते.

‘एकुलतं’ म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं याला जुना इतिहास आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅनले हॉल यांच्या नावावर तर ‘एकुलतं असणं हाच एक आजार आहे’ असं वाक्य सांगतात. पुढे 1986 साली टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी 115 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वभाव आणि जुळवून घेणं या बाबतीत एकुलती मुलं इतरांपेक्षा कमी ठरली नाहीत. तुमच्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक असेल. त्या हसण्यापर्यंत मात्र ते अजून पोचलेलं नाही.

मुलांची बाजू मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे आम्ही खरोखर नुकसान करतो. दोन भावंडांतलं एक आजारी पडलं तर घराचं लक्ष विभागलेलं राहतं. दुसऱ्याला शाळेत पोचवायचं असतं, त्याची भांडणं सोडवायची असतात, रोजचा गोंधळ चालूच राहतो. आजारी मुलाला त्या गोंधळातून कळतं, की जग काही थांबलेलं नाही. आमच्या घरात ते थांबतं. टीव्हीचा आवाज बंद, फोन हळू आवाजात, आणि उशाशी बसलेली सगळी माणसं एकाच चेहऱ्याकडे बघतायत. लहान मुलं धोक्याचा अंदाज मोठ्यांच्या चेहऱ्यावरूनच घेतात. मग काही पोरं दुखणं लपवायला शिकतात, आईबाबांना त्रास नको म्हणून. काही जण दुखणं वाढवून सांगायला शिकतात, कारण एरवी कामात बुडालेली माणसं तेवढ्यापुरती मिळतात. माझी मुलगी कुठे दुखतंय हे सांगण्याआधी मला विचारते, ‘तू घाबरणार नाहीस ना?’ म्हणून तपासताना एखादा प्रश्न थेट मुलाला विचारत जा. सहा-सात वर्षांचं मूल बरंच नीट सांगतं, आम्ही मध्ये बोललो नाही तर. आम्ही मध्ये बोललो, तर खुशाल गप्प करा.

उलट्या टोकाचे आईबापही आमच्यातच असतात. ते गोंधळ घालत नाहीत, म्हणून तुमच्या लक्षात येत नाहीत. एकच मूल, आणि त्यालाच काही असलं तर, हा विचार त्यांना इतका असह्य होतो, की ते बघायचंच टाळतात. डोळा तिरळा दिसतो तर ‘लाडाने तशी बघते’, हाक मारली तरी वळत नाही तर ‘तंद्रीत असते’. चष्मा किंवा श्रवणयंत्र जितकं लवकर तितका फायदा जास्त, आणि इथेच वर्षं जातात. लसीसाठी आलेल्या शांत आईबापांनाही दोन प्रश्न जास्त विचारा.

मोठ्या आजाराबद्दल एकच गोष्ट लिहितो, कारण तिथे एकुलतं असणं हा खरोखरच वैद्यकीय मुद्दा होतो. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण करावं लागतं. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के असते. आमच्या मुलाला ती शून्य. मग दात्यांच्या नोंदणीत शोध घ्यायचा, किंवा आई अथवा बापाकडून अर्धी जुळणारी मज्जा घ्यायची. हे दुसरे मार्ग गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारले आहेत. त्या बैठकीत ‘भावंडं आहेत का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो, हे आम्हाला समजतं. पण तो कसा विचारला जातो यावर फार काही अवलंबून आहे. ‘नाही? अरेरे’ असं म्हणून कागद बाजूला सारला, की समोरच्या आईला तिच्या आयुष्यातला एक जुना निर्णय आरोपपत्र म्हणून हातात मिळतो. त्याच वाक्यात पुढचा मार्ग सांगा. आणि कृपा करून ‘दुसरं होऊ द्या’ हा सल्ला कोणत्याही आजारावर, साध्या सर्दीवर तर अजिबातच, लिहून देऊ नका. तो आम्हाला घरचे, शेजारचे आणि लिफ्टमधले लोक फुकट देतात.

आता आमची खरी अडचण. आम्ही प्रत्येक वेळी घाबरून येतो, त्यामुळे ज्या दिवशी खरंच काही असेल त्या दिवशी आमची गत ‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या पोरासारखी होऊ शकते. तुम्ही ‘आले पुन्हा’ म्हणाल, आणि त्या दिवशी ते महागात पडेल. ही भीती हवेतली नाही. 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात मुलांच्या गंभीर संसर्गाच्या धोक्याच्या खुणा शोधल्या गेल्या. जोराचा श्वास, निळसरपणा, दाबल्यावर न विरणारं पुरळ या खुणांबरोबर त्यात पालकांना वाटणारी काळजीही होती, आणि डॉक्टरच्या मनात चुकचुकणारी पालही. इंग्लंडमध्ये 2021 साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने गेली. आईबाप धोका सांगत होते, तो गांभीर्याने घेतला गेला नाही. तिला आधीच अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. 2024 पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. त्यानुसार रुग्णाच्या घरच्यांना, दिवस असो वा रात्र, दुसऱ्या टीमकडून तातडीची तपासणी मागता येते.

तर आमच्या नेहमीच्या घाबरण्यातून खरी धोक्याची सूचना वेगळी कशी काढायची? मला वाटतं एका प्रश्नाने बरंच काम होईल: ‘हे तिच्या नेहमीच्या आजारासारखं आहे, की वेगळं वाटतंय?’ आमच्याकडे तुलनेला दुसरं मूल नसलं, तरी हे एक मूल आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं असतं. तिचं नेहमीचं रडणं, नेहमीची किरकिर, तापात कुशीवर वळायची पद्धत, सगळं पाठ असतं. ‘नेहमीसारखंच आहे, पण मला भीती वाटते’ असं उत्तर आलं तर आम्हाला समजावून घरी पाठवा. ‘आज वेगळं आहे, काय ते सांगता येत नाही’ असं आलं, तर फाइल कितीही जाड असो, मुलाला पुन्हा तपासा.

आणि घरी पाठवताना कागदावर औषधांच्या खाली चार ओळी जास्त लिहा. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या तापाबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांतही पालकांना धोक्याच्या खुणा आणि पुढे कुणाला गाठायचं हे तोंडी किंवा लेखी सांगायला म्हटलं आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला, तर वाट बघायची नाही. मोठ्या मुलात आकड्यापेक्षा मूल बघायचं. ताप उतरला की खेळतंय का, पाणी पितंय का, लघवी होतेय का. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, उठवलं तर नीट जागं होतंय का. आणि तापात आकडी येऊ शकते हे आधीच सांगून ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. बघणाऱ्याचा जीव जातो, मुलाला बहुतेक वेळा कायमची इजा होत नाही, आणि तापाचं औषध वेळेवर देऊनही ती टाळता येत नाही. पहिल्यांदाच आली तर मूल लगेच दाखवायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. हे आधी ऐकलेला बाप त्या रात्री थरथरत्या हाताने का होईना, घड्याळ लावून मिनिटं मोजेल.

राहता राहिले मोबाइलवरचे फोटो आणि व्हिडिओ, ज्यांना तुम्ही सगळे वैतागता. श्वासाचा किंवा आकडीचा व्हिडिओ असेल तर तो जरूर बघा, दवाखान्यात पोचेपर्यंत ते सगळं थांबलेलं असतं. शी-च्या चाळीस फोटोंतला एकच मागून घ्या. उरलेले आम्ही परत येताना पुसून टाकू.

आपला नम्र,
एका एकुलत्या मुलीचा बाबा